चुलीत भाजलेली राणी

उंद्रीत लोक म्हणायचे, मनकर्णाकाकूंना दुसरा उद्योग नाही. कापूस वेचून आल्यावर त्या मातीची राजघराणी घडवायच्या, याला उद्योग नाही तर काय म्हणायचं? प्रत्येक राजाला आई, राणी आणि लेकरं असत. कुणी तापट, कुणी भित्रं. प्रत्येकाच्या बुडाशी काडीनं नाव कोरलेलं. जुन्या लुगड्यावर कोळशानं मुलूख आखून आम्ही घरचे सगळे कवड्या टाकत खेळायचो. राजा मेला की गादीला वारस शोधावा लागे.

एका दुपारी माझ्या वडलांचा, म्हणजे काकूंच्या धाकट्या दिरांचा, राजा मेला. त्याला मुलगा नव्हता. एकुलती मुलगी त्यांनी शेजारच्या, काकूंच्या राज्यात दिलेली होती. काकूंनी तिलाच उचलून बापाच्या गादीवर बसवलं.

हरणं बाबांना कधी जमलंच नाही. "वहिनी, दिलेली पोरगी परत येत नसते. तिचं नावबी बदलते. मले दत्तक घेऊ द्या."

"माह्या खेळात पोरगी नाव बदलत नाही अन् हक्कबी सोडत नाही."

"मंग या घरात हा खेळ नको." बाबांनी ती राणी फेकायला उचलली आणि बुडाशी पाहून थबकले. "हे गोजर कोन?"

"मी. लग्नात तुमच्या भावानं ताटातल्या तांदळात मनकर्णा लिवलं. ते तांदूळ त्याच सांजी शिजले, तुम्हीबी जेवले. हे नाव म्या चुलीत भाजलं. ठेवा खाली."

बाबांनी ती गादीवर ठेवली.