कणकेच्या पेशी

आज शेजारच्या घरात पुऱ्या तळणं चाललं होतं. गूळ घातलेल्या कणकेचा खरपूस वास खिडकीतून आला आणि मला आमचं वडवणीतलं स्वयंपाकघर आठवलं.

माझी बायको सुमन शाळेत विज्ञान शिकवायची. पेशींचा धडा मुलांच्या डोक्यात शिरेना, म्हणून एका रविवारी तिनं मुलांना घरीच बोलावलं. कणकेच्या गोळ्यात मनुका दाबून ती म्हणाली, "ही पेशी. मनुका म्हणजे तिचं केंद्रक. आता एकीच्या दोन करा, दोनाच्या चार."

मुलं गोळे करत सुटली. परात भरली, तरी कुणी थांबेना.

फळवाल्याच्या नसरीननं विचारलं, "बाई, पेशीला थांब म्हणून कोण सांगतं?"

"शरीराला कळतं ते."

"अन् न्हाई कळलं तर?"

सुमनचे हात परातीत तसेच राहिले. मग ती हसून म्हणाली, "तर मग पुऱ्या लई होतात. चला, तळायला घेऊ." पोरं खिदळली. दारात उभा असलेला मीही हसलो.

छातीतली गाठ तिच्या हाताला तेव्हाच लागली होती. बीडला जाऊन ती तपासूनही आली होती. मुलांची परीक्षा संपेपर्यंत मला काही बोलली नाही आणि पुढची दिवाळी तिनं पाहिली नाही.

तेव्हा वाटलं होतं, तिला उत्तर सुचलं नसेल. आता कळतं, त्या स्वयंपाकघरात ते उत्तर तिला एकटीलाच ठाऊक होतं. तरीही पहिली पुरी तिनं फुंकर घालून गार केली, नसरीनच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "असंच विचारत जा गं. घाबरू नको."