आजाराने की आजारात

सकाळी आठ चाळीसला संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर एकच संगणक चालू होता. समोर सरासरीबाई. दिसेल त्याची सरासरी काढायची खोड, म्हणून हे नाव. लाडात आला की नवराही त्याच नावाने हाक मारायचा.

महासाथीत कोणत्या देशाने किती कडक टाळेबंदी लावली आणि लाखामागे किती माणसं दगावली, याचा चौदा देशांचा ताळमेळ त्यांनी वर्षभर घातला होता. निष्कर्षही त्यांचाच: कडक टाळेबंदीचा उपयोग झाला नाही. अहवाल संध्याकाळी छपाईला जाणार होता. सगळी भिस्त एका देशावर होती. तिथली बंदी सर्वांत कडक आणि मृत्यूही सर्वांत जास्त.

शेवटचा हात फिरवताना धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, मामांच्या फोटोखाली दादाने 'महासाथीने हिरावले' लिहिलंय. हिरावले कसले? जिन्यावरून पडले."

"अगं, तपासणीत आजार निघाला होता ना?"

"निघाला. पण म्हणून आजाराने गेले का? आजारात गेले."

सरासरीबाईंनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि त्या देशाची मूळ नियमावली उघडली. तिथे 'आजार असताना झालेला मृत्यू' होतं. भाषांतरात त्यांनी 'आजाराने' करून टाकलं होतं. म्हणजे तिथले सगळे मामा मोजले गेले होते, शेजारच्या देशातले नव्हते.

आता हात थांबेनात. आजाराचं नावच सोडून त्यांनी एकूण मृत्यू घेतले आणि आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले. मृत्यूंत पहिला असलेला तो देश घसरून आठवा झाला.

केंद्रप्रमुख सर दारात दिसताच त्या उठल्याच. "सर, माझा निष्कर्ष बाद झाला."

"लॉटरी लागल्यासारखं काय सांगताय?"

त्यांनी पडद्यावरचे दोन्ही शब्द दाखवले. सर खुर्ची ओढून बसले. "मग टाळेबंदीने माणसं वाचली, असं लिहायचं?"

"एवढ्यात तेही नाही. म्हातारी माणसं किती, घरं किती दाटीची, बंदी साथ पसरण्याआधी लागली की नंतर, ते बघू. पण आधी सगळ्यांना एकच माप लावू."

"छापखानावाला माझं डोकं खाणार," म्हणत सरांनी फोन लावला.

अहवाल थांबला. उद्या सकाळी नऊला दोघं चौदाही मूळ नियमावल्या घेऊन बसणार आहेत, यादीतल्या पहिल्या देशापासून.