लंगडी घालणारे सर्जन

हातात सुरी असताना ती न वापरण्याची हिंमत असलेला माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? मी रोज पाहते. फणसवाडीत, आमच्या समोरच्या गॅलरीत. बाबांचे शाळासोबती असलेले आमचे सर्जनकाका म्हणजे अख्ख्या मुंबईत कापायला सर्वांत कमी उत्सुक असलेले सर्जन. परळच्या इस्पितळात आयुष्यभर लहान मुलांची पोटं उघडली, पण घरात हापूसची फोड केलेलीही त्यांना खपत नाही. आंबा चोखूनच खायचा. काकू म्हणतात, वाढदिवसाला केक आणायची सोय नाही, सुरी दिसली की यांचं "थांबा, आधी बघू" सुरू.

पोटात दुखणारं मूल वॉर्डात आलं की काका चपला काढत आणि स्वतःच लंगडी घालत निघत. मूल मागोमाग आलं तर एक अंदाज, पहिल्याच उडीला पोट धरून बसलं तर दुसरा. अपेंडिक्स सुजलं असेल तर उडीसरशी कळ येते, हे खरं. पण साठीला टेकलेल्या विभागप्रमुखाने त्यासाठी उड्या माराव्यात का, असा सिस्टरांचा सवाल असे. काका म्हणत, "उडी मार म्हटलं की पोरं घाबरतात. पकड मला म्हटलं की येतात."

माझ्या ताईची सई, नायगावची, आठ वर्षांची, पहिल्याच उडीला खाली बसली. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं निघालं. ताईच्या चाळीत ज्याचं दुखलं त्याचं काढलं, असा रिवाजच. ती म्हणाली, काढून टाका एकदाचं. काकांनी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. फुटलेलं नाही, खडा अडकलेला नाही, तेव्हा सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन पाहता येईल. मात्र इथेच, आमच्या डोळ्यांसमोर. काही मुलांना पुढे पुन्हा त्रास होतो, मग काढावंच लागतं. "आज काढलं तरी चूक नाही. पण घाबरून ठरवू नकोस, कळून ठरव." ताईने डोळे पुसले आणि थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशीही ताप होताच. सईला तोंडाने काही द्यायचं नव्हतं, आणि उपाशी पोराला सोडून आपण चहा घ्यायचा नाही ही काकांची जुनी खोड. त्यामुळे ते दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. दुपारी पोट तपासून त्यांनी ताईला स्पष्ट सांगितलं की संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर मी स्वतः हिला आत घेतो. थिएटरला तसं कळवूनही ठेवलं. ताईने माझा हात सोडला नाही.

संध्याकाळी ताप उतरला होता. काकांनी चपला काढल्या. सई सलाईनच्या स्टँडला धरून उठली. एक उडी. थांबली. दुसरी. मग काकांच्या कोटाला हात लावून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही आऊट."

काकांनी चहा मागवला.

मी युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली मुलगी. लगेच पत्रक लिहिलं, ‘मुलांवरच्या सुऱ्या खाली ठेवा!’ काकांनी ते चष्मा सरकवत वाचलं. म्हणाले, "पुढारी, सईच्या शेजारच्या खाटेवरच्या पोराचं अपेंडिक्स मी काढलं. फुटलं होतं. त्याच्या आईने हे वाचून त्याला घरीच ठेवलं असतं तर?" इतक्या सौम्यपणे माझी घोषणा आजवर कुणी पाडली नव्हती.

आता काका निवृत्त झालेत. गुडघ्यांनी बेमुदत संप पुकारलाय. गॅलरीतून ते खालचं अंगण बघत बसतात, आणि अंगणात पोरांऐवजी स्कूटर उभ्या असतात.

म्हणून मागण्या दोनच. मुलाचं पोट दुखलं तर एरंडेल पाजू नका, शेकत बसू नका, डॉक्टरकडे न्या. न कापता जमेल का, हे बेधडक विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर वेळ घालवू नका. दुसरी मागणी वाडीकरांकडे: संध्याकाळपुरत्या त्या स्कूटर बाजूला घ्या आणि पोरांना काकांच्या गॅलरीखाली लंगडी खेळायला सोडा. एखादीला तेवढं वर बघून ओरडायला सांगा, डॉक्टर, तुम्ही आऊट.