मालिकेतल्या मुलाचं काय करायचं?

लोकांची मतं ऐकायची, हेच आपाचं काम. आपा हे काही तिचं नाव नव्हे. ऑफिसात कुणीतरी एकदा तशी हाक मारली आणि मग साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती आपा होऊन बसली. तिथे टीव्हीच्या मालिका निघत. भाग संपला की पडद्यावर फोन नंबर येई. प्रेक्षकानं फोन लावायचा, टूं वाजलं की बोलायचं, आणि एक मिनिट झालं की यंत्र फोन तोडणार म्हणजे तोडणार, मग तुम्ही कोणी लागून गेलेले असा. दुसऱ्या दिवशी आपा हेडफोन लावून ते सगळं ऐके, एकेका मताची एकेक चिठ्ठी करी आणि गुरुवारी दुपारी एक पानाचा गोषवारा साहेबांच्या टेबलावर ठेवी.

तिच्या वाट्याची मालिका हलकीफुलकी होती. छोट्या गावातलं मुसलमान कुटुंब. बाप शिंपी, आई तोंडाची फटकळ, आणि मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा, ज्याला स्वतःला जन्मात कधी वेळेवर पोचता आलं नाही. लोक पोट धरून हसत. आणि हसून झालं की फोन करत.

आता लोकांच्या मतांचं काय सांगावं! एक बाई म्हणे, "ही माणसं घरात एवढी हसतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं हो." एक गृहस्थ दर सोमवारी नेमानं फोन करून सांगत, की मालिका झकास आहे, पण या लोकांना इतकं चांगलं दाखवायची काही गरज? मुसलमान घरांतली मतं त्याहून तिखट. "आमच्यात बापासमोर पोरगा असा तंगड्या पसरून बसतो का? त्या लिहिणाऱ्याला आठवडाभर आमच्याकडे राहायला पाठवा." "दर वाक्याला माशाअल्ला कशाला? आम्ही काय मीठ मागतानाही म्हणतो?" एका म्हाताऱ्यानं नुसतं "आमच्यासारखंच घर आहे" म्हटलं आणि उरलेलं मिनिट तो गप्पच होता. शिव्यांची चिठ्ठी पिवळी असायची. आपा तीही त्याच वळणदार अक्षरात लिहायची.

लेखकांचं कुठे अडलं की साहेब तिच्या टेबलाशी येत. "आपा, तुमच्यात असं असतं का?"

"असतं," आपा वर न बघता म्हणे. पूर्वी ती विचार करून सांगायची, कधी वादही घालायची. नवरा गेल्यापासून तिच्या लेखी सगळंच असत होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. चांगला धडधाकट माणूस, आठ दिवसांच्या तापात गेला. त्याला दीड वर्ष उलटून गेलं, आणि या दीड वर्षात आपा एकदाही रडली नव्हती. हॉस्पिटलचे कागद तिनंच निस्तरले, त्याचे शर्ट तिनंच वाटून टाकले, पंधराव्या दिवशी कामावर हजर. नणंद तोंडावर म्हणाली, "वहिनी, तुमचं काळीज दगडाचं आहे." यावर निदान राग तरी यावा! तोही आला नाही. हात अंगाखाली येऊन बधिर होतो, तशी ती आतून झाली होती, आणि हात निदान झटकता तरी येतो.

घरात ती आणि सासू, दोघीच. अम्मी साडेसाताला टीव्हीसमोर ठाण मांडून बसायची. तो घड्याळवाला दारातून आत आला की म्हणायची, "आला एकदाचा!" स्वतःच्या मुलाचा विषय ती काढत नसे. आपण ऑफिसात काय ऐकतो हे आपानंही तिला कधी सांगितलं नव्हतं. फायलींचं काम असतं, एवढं सांगून ती मोकळी झाली होती. लोक आपल्याबद्दल काय काय बोलतात, ते घरी कशाला आणायचं?

आणि मालिका ऐन रंगात आलेली असताना त्या मुलाचं काम करणारा नट ती सोडून गेला. साहेबांनी चेंडू प्रेक्षकांकडे टोलवला. पडद्यावर तीन पर्याय झळकले. दुसरा नट आणायचा, मुलाला परदेशी नोकरीला धाडायचं, की मरू द्यायचं?

अम्मीनं ते वाचलं. मग हळूच म्हणाली, "मारतील का गं त्याला?"

"छे हो अम्मी, कशाला मारतील?"

बाकी कशाचंच काही वाटत नसलं, तरी आपानं त्या क्षणी एक गोष्ट पक्की केली. या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा जाऊ द्यायचा नाही. परदेशीही नाही, नाहीतर ही रोज त्या पडद्यावरच्या दाराकडे डोळे लावून बसेल. दुसरा नट, बस्स.

बुधवारपर्यंत दुसऱ्या नटाच्या एकशे सत्तेचाळीस चिठ्ठ्या झाल्या, परदेशाच्या एकशे अठ्ठावन्न. मरणाची एकही नाही. शिवाय "काहीही करा, पण हसवा" म्हणणारे चौसष्ट. इतक्या वर्षांत आपानं एका चिठ्ठीची लबाडी केली नव्हती. तिनं ते चौसष्ट निमूट दुसऱ्या नटाच्या गठ्ठ्यात सरकवले.

गुरुवारी सकाळी शेवटचे फोन ऐकायचे राहिले होते.

"सलाम. तुम्ही सगळे बरे आहात ना? लिहिणारे साहेब, त्यांच्या घरची मंडळी? मालिका फार छान असते. मला असं फोनवर बोलायची सवय नाही हो, शेजारणीनं लावून दिलाय. ती पण बघते. तर मी काय म्हणत होते, त्या मुलाचं..." आणि फोन तुटला.

आपाचं पेन थांबलं. अम्मीचा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. तिनं यंत्रावर पुढचा फोन ऐकायला लावला.

"तुमचा फोन तुटला वाटतं. मरू द्या त्याला. माझं ऐका, दुसरा आणू नका. तो गेला म्हणून सांगा आणि घरातल्यांना पोटभर रडू द्या. माझा मुलगा गेलाय. सून रडलेली नाही अजून. ती माझ्यासमोर रडत नाही, मी तिच्यासमोर. फार गुणाची पोर आहे, पण वाळत चाललीय हो. टीव्हीत कुणी रडलं तर तिलाही येईल. आम्ही दोघी बरोबरच बघ..."

तुटला. आपानं चिठ्ठी लिहिली. गोषवाऱ्यात तिसरा रकाना पाडला आणि त्यात एक हा आकडा घातला.

"हा एकुलता एक कशाला?" साहेबांनी त्यावर रेघ मारली. "दहाच्या खालचं मत आपण धरत नाही. आज नव्यानं सांगायला हवंय का तुम्हाला? आणि हसवायच्या मालिकेत माणूस मारतात होय! बरं, आपा, दुसरा आणला तर चालेल ना?"

नाही म्हणायला हीच वेळ होती. चौसष्ट चिठ्ठ्यांचं कबूल करायलाही हीच. पण सवयीनं तोंडातून गेलं, "चालेल."

दोन आठवड्यांनी नवा मुलगा त्याच दारातून आत आला. हा जरा उंच होता. मालिकेतली आई म्हणाली, "आजही उशीर?" आणि सगळे खो खो हसले. काही घडलंच नाही, अशा थाटात.

अम्मी हसली नाही. "लोकांना चालतं का गं असं?"

"दोनशे अकरा जणांना चाललं," आपा म्हणाली. "त्यातले चौसष्ट मी घुसडले."

"तू?"

"मी फायली नाही बघत, अम्मी. लोकांचे फोन ऐकते. सगळे."

अम्मीनं पदर तोंडाशी नेला. "सगळे?"

"तुमचे दोन्ही. पण त्याआधीच मी करून बसले होते. मला वाटलं, तुम्हाला सोसणार नाही." आपा जमिनीकडे बघत होती. "तुमचं ऐकूनसुद्धा मला रडू आलं नाही, अम्मी." हे बोलताना तिला लाज वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं होतं.

अम्मीनं टीव्ही बंद केला.

"नसेल येत तर राहू दे," ती म्हणाली. "पण मला रडायचंय गं. तुझ्या धाकानं दीड वर्ष थांबलेय मी. तू फक्त उठून जाऊ नकोस."

आणि ती मोठ्यानं रडायला लागली. आपा बसून राहिली.