दाबून बोला, सोडून ऐका

रोह्याच्या आमच्या कंपनीत त्यांना कोणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे पीटीटीमामा म्हणायचे. वॉकीटॉकीच्या बाजूला जे बटण असतं त्याचं हे नाव. पुश टू टॉक, दाबा आणि बोला. मामा वायरलेस रूमचे इनचार्ज होते आणि या बटणाशी त्यांचा जन्मभराचा तंटा होता. "नाव ठेवणाऱ्यानं अर्धंच नाव ठेवलंय," ते म्हणायचे. "दाबून बोला, हे सांगितलं. सोडून ऐका, हे कोण सांगणार? त्याचा आजा?"

माझा टेलिफोनचा बोर्ड त्यांच्याच खोलीत होता, त्यामुळे हे व्याख्यान मी रोज फुकटात ऐकलं. नवा माणूस आला की मामा त्याच्या हातात सेट द्यायचे. जो बटण दाबून असतो त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, आणि तोवर बाकी कोणाला त्या लाइनवर बोलताही येत नाही, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. "वाक्य संपलं, बोट उचल. उचल रे, बैला." कँटीनमध्ये दोघं एकदम बोलायला लागले तरी हेच. मी तर बोलण्यात कोणाला हार जायची नाही. डबा उघडून सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं की मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "तुझं बटण अडकलंय गो." राग यायचा मला, आणि हसूही यायचं.

पेणच्या पलीकडे खाडीकाठी मामांचं मूळ गाव. त्याच गावची यशोदाबाई मिठागरावर राबायची. नवरा लवकर गेलेला, नामदेव हा एकुलता एक. मिठात पाय फाडून घेण्यापेक्षा शिफ्ट बरी, म्हणून मामांनी त्याला आमच्याकडे टाक्यांच्या आवारात चिकटवला. सेटवर त्याला इतरांपेक्षा जास्तच घासलं. तो हसून म्हणायचा, "मामा, मी झोपेतपण बोट उचलतो." खोटं नव्हतं ते. डोकं शांत असताना तो कधी चुकला नाही.

एका दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह तुटला आणि गॅस सुटला. मी आगीच्या बंबाला फोन लावत होते, तेवढ्यात सेटवर नामदेव आला. "मामा, काय दिसत नाय. कुठं जाऊ?" वारा फिरला होता आणि सगळा गॅस गेटकडे चालला होता, हे आम्हाला खिडकीतून स्वच्छ दिसत होतं. सांगायचं ते एवढंच, की गेटकडे येऊ नको, मागे नदीच्या भिंतीकडे पळ. पण नामदेवने बोट उचललंच नाही.

भीतीने मूठच आवळली गेली असणार त्याची. "मामा, बोला ना. मामा, बोलत का नाय?" एवढंच येत राहिलं, मध्ये खोकला. मामांनी मास्कवाल्या माणसांना धावत पाठवलं. स्वतःचं बटण दाबून "बोट उचल, नामदेव, बोट उचल बाळा" असं ते सांगत सुटले. त्याला ऐकू जात नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बटण सोडलं की पुन्हा तोच आवाज, बोलत का नाय. मग तोही थांबला, लाइन मात्र अडलेलीच राहिली. नामदेव गेटच्या वाटेवर पडलेला सापडला.

चौकशीत मामांनी घडलं तसं सांगितलं आणि साहेबांना ते पटलंही. पण ते राहिलं ऑफिसात. गावात पोहोचलं ते एवढंच, की पोर हाका मारत होतं आणि मामांचं उत्तर आलं नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, काय करणार!

नामदेवचं तेरावं झाल्यावर मामा यशोदाबाईकडे निघाले. मी हट्टाने बरोबर गेले. म्हटलं, मामांना धड बोलता यायचं नाही, पीटीटी म्हणजे काय ते त्या बाईला मीच समजावते. ती पडवीत बसली होती. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

"माझ्या पोरानं तुला हाक मारली?"

"व्हय."

"तुला ऐकू आली?"

"आली."

"मग बोलला का नायस?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. "माझं चुकलं, बाय," ते म्हणाले. परत या गावात पाय टाकू नको, असं तिने त्यांना सांगितलं आणि आत निघून गेली.

वडखळला गाडी बदलेपर्यंत मी दम धरला. मग मला राहवेना. खोटं कशाला बोललात, म्हणून मी भर स्टँडवर त्यांना झापलं.

"काय सांगू तिला गो? तुझ्या पोरानं बोट उचललं असतं तर आज असता, असं?" मामा म्हणाले. "माझ्यावर चिडून जगता येईल तिला. पोरावरच चिडली, तर रडायची कशी?"

मी रोह्याच्या गाडीत त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली.

यशोदाबाईचा तो शब्द मामांनी पाळला. सख्खा भाऊ वारला तेव्हाही गावाबाहेर सडकेवर उभे राहून त्यांनी मयताला हात जोडले. नव्या माणसांना शिकवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. जेवताना मी मुद्दाम बडबड करायची, ते मान हलवायचे. निवृत्त झाल्यावर रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरी छातीच्या दुखण्याने ते वारले. त्यांच्या गावचं कोणी आलं नाही. मी पोटभर रडले, आणि त्या गावाला शिव्याही दिल्या.

गेल्या वर्षी पेणच्या बाजारात यशोदाबाई दिसली. फार थकली आहे. मला बघून थांबली.

"तो मेला ना गो?"

"व्हय."

"बरं झालं. माझं पोर हाका मारून मेलं त्याला."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला गावच्या रिक्षात बसवून दिलं.