वारा मी फोडला

"सरक बाजूला. तुझी सावली पडतेय सायकलीवर."

फोटोवाला म्हणाला. मी सरकलो. फडकं हातातच. शर्यतीत तीस मैल मीही मारले होते, तरी तिची धूळ मीच पुसली होती. सायकल आनंदरावांची. कप आनंदरावांचा. फोटोत ते, त्यांचे वडील आणि सायकल क्लबाचा गोरा सेक्रेटरी. सायकल उभी राहावी म्हणून तिला मागून काठी टेकवली. काठी फोटोत चालली. मी नाही चाललो.

तंजावरात तेही मराठी, आम्हीही मराठी. ते पापनाशमकडचे मिरासदार, मैलभर भातजमीन त्यांची. माझा आजा राजवाड्याच्या पागेत घोड्यांना खरारा करायचा. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घोडे गेले, पागा गेली. आमचं खरारा करणं तेवढं राहिलं. मी किल्ल्याजवळच्या दुकानात सायकली दुरुस्त करायचो. आनंदराव माझ्याच वयाचे, बावीस वर्षांचे. त्यांनी मला मजुरीवर ठेवलं होतं. शर्यतीत त्यांच्या पुढं धावायला.

पुढच्याच्या छातीवर वारा आदळतो. मागचा त्याच्या पाठीआड सुखात येतो. शर्यत तंजावर ते पापनाशम आणि परत, तीही आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात. आडीतला वारा पश्चिमेकडून सुटतो, नारळी वाकवतो. परतताना सगळा तोंडावर. तो मी खायचा. शेवटचा अर्धा मैल राहिला की बाजूला व्हायचं. तसा हुकूमच होता.

हेवा वाटायचा. लपवत नाही. त्यांची सायकल विलायती, दोन बोटांनी उचलावी इतकी हलकी. माझी दुकानातली, लोखंडाचं धूड. पण सायकलीचा हेवा परवडला. शर्यतीआधी त्यांची आई ओसरीवर बसून त्यांच्या पिंढऱ्यांना तिळाचं तेल चोळायची. मी समोर टायरात हवा भरायचो. माझी आई मागच्या अंगणात त्यांचंच भात कांडत असायची. मुसळाचा आवाज यायचा. त्या तेलाचा मला जितका हेवा वाटला तितका कशाचाच नाही.

आनंदराव वाईट नव्हते. शिवी कधी दिली नाही. मेहनत करायचे. म्हणून तर जास्त जळायचो.

त्या फोटोच्या पुढच्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या दुपारी, त्यांची सायकल माझ्यापुढं उलटी ठेवलेली. पाना पुढच्या चाकाच्या नटावर. मी नट ढिला केला. पूर्ण एक फेरा. मग वाटलं, हा पडला तर लोक म्हणतील, नट ढिला होता, नाहीतर हाच जिंकला असता. मी नट परत आवळला. होता त्याहून घट्ट. मला त्यांना पडलेलं बघायचं नव्हतं. मागं राहिलेलं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पापनाशमहून वळलो आणि वारा आला. कालव्याकाठचा रस्ता, डोळ्यांत माती. मी पुढं, ते माझ्या चाकाला चिकटून. बाकीचे कुठंच नव्हते. अर्धा मैल राहिला.

"हं, सरक अत्ता!" मागून ओरडले.

"आज नक्को," मी म्हणालो.

"काय म्हून?"

दम पायांत घातला. ते बाजूनं आले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याशी. श्वास ऐकू येत होता. एक चाक पुढं, मी दोरी ओलांडली.

सेक्रेटरी इंग्रजीत काहीतरी बोलला. आनंदरावांच्या वडिलांनी मला मराठीत सांगितलं, "तू मजुरीचा माणूस. मजुरीवर सायकल मारणाऱ्याला इथं नंबर नसतो."

"मग इतका वेळ वारा कोणी फोडला?"

"त्याची मजुरी मिळते की तुला."

पहिला नंबर आनंदरावांना दिला. नंतर ते एकटेच माझ्याकडं आले. हळू म्हणाले, "तू जिंकलास, मला ठाऊक आहे. मद्रासला चल. तिथं सिमेंटचा ट्रॅक आहे. माझ्यासारखीच सायकल देतों तुला. पुढं धावायचं, तेवढंच."

माझे डोळे त्या सायकलीकडं गेले. गेलेच. हात शिवशिवले.

"हेच सगळ्यांसमोर सांगा," मी म्हणालो. "मी जिंकलो म्हणून."

त्यांनी वडिलांकडं पाहिलं. खाली पाहिलं.

"मग सायकल नक्को."

आठवडाभरात मी मद्रासची गाडी धरली. मजुरी करणाऱ्याला शर्यतीत नंबर नाही ना? मग मी शर्यतीचीच मजुरी धरली. तिकीट काढून लोक बघायला यायचे, अशा शर्यती. ट्रॅकवर, रस्त्यावर, मद्रास, बंगळूर. अकरा वर्षं. गळ्याचं हाड दोनदा मोडलं. जिंकलो, हरलोही. पण ज्या दिवशी जिंकलो त्या दिवशी माझंच नाव पुकारलं.

आनंदराव एकदा मद्रासला दिसले. खुर्चीत, कडक इस्त्रीच्या कोटात. मी घामानं निथळत होतो. ते टाळ्या वाजवत होते, आणि मला पुन्हा तसंच जळजळलं. अकरा वर्षांत ते विझलं नाही. त्याची लाजही वाटत नाही आता.

परवा तंजावरच्या क्लबाचं पत्र आलं. आमच्या गावचा गडी म्हणून सत्कार करायचा आहे, म्हणे. क्लबाच्या भिंतीवर जिंकणाऱ्यांच्या नावांची पाटी आहे. त्या शर्यतीच्या वर्षापुढं अजून आनंदरावांचं नाव आहे. मी उलट लिहिलं: ते नाव खोडा, माझं लिहा. सत्कार नको.

उत्तर नाही. देणारही नाहीत. मी दर आडीला पत्र पाठवणार. माझ्यानंतर माझी मुलगी पाठवील. तिला लिहायला मीच शिकवतोय. पहिलं वाक्य तेच गिरवून घेतलंय: ते नाव खोडा.