देवामागची खिडकी

मंगळवारी दुपारी तीन वाजता इंदुताईंनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, टीव्हीवरची धूळ पदरानं पुसली आणि मोबाइल टीव्हीला जोडला. ही विद्या त्या नॉर्वेत लेकीकडे शिकून आल्या होत्या. त्यांचे यजमान गोपालभाऊ अजून कपाटात वायर शोधत होते.

"वायर लागत नाई जी याले. तुम्ही कपबश्या काढा," इंदुताई म्हणाल्या.

बाहेर मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. तरी भजनी मंडळाच्या झाडून साऱ्या बाया आल्या. चामोर्शीत एरवी अशा उन्हात कोणी उंबऱ्याबाहेर पाय काढत नाही. पण आज नुसते परदेशाचे फोटो पाहायचे नव्हते, एक निवाडा व्हायचा होता.

या मंडळाचा पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. सगळ्या त्याला कान्होबा म्हणतात. त्याला देऊळ नाही. मंडळाच्या अकरा घरांत तो पाळीपाळीनं मुक्कामाला असतो, एका एकादशीला या घरून त्या घरी. याला बारी म्हणतात. बारीचा क्रम मोडायचा नाही, एवढा एकच मंडळाचा कायदा, आणि तो सुगंधाबाईंच्या सासूनं घालून दिलेला. आता सुगंधाबाई स्वतः ऐंशीच्या झाल्यात, तरी कायदा तोच.

मागच्या ऑगस्टमध्ये कान्होबा इंदुताईंकडे होता. पुढची बारी समोरच्या रंजीताची. नेमके रंजीताचे सासरे एकादशीच्या तीन दिवस आधी गेले आणि त्या घरात सुतक आलं. त्याच आठवड्यात मयुरीचा फोन आला: सातवा महिना, डॉक्टर अंथरुणातून उठू देत नाही, आई, तू ये. व्हिसा आधीच झालेला होता. जावयानं, लोकेशनं, रविवारचं तिकीट काढलं.

इंदुताईंनी खूप डोकं चालवलं. सुतकाच्या घरी देव देता येत नाही. रंजीताला ओलांडून पुढच्या घरी दिला तर क्रम मोडतो. गोपालभाऊंच्या भरवशावर ठेवावा, तर ते देवाच्या आधी स्वतः चहा घेणार. शेवटी त्यांनी कोणालाही न विचारता कान्होबाला स्टीलच्या डब्यात तांदळात बसवलं, डबा हातातल्या पिशवीत घातला आणि विमानात बसल्या. मंडळाला पत्ता लागला तेव्हा विमान समुद्रावर होतं.

तीन महिन्यांत येतो म्हणून गेलेली बाई आठ महिन्यांनी आली. तोवर मंडळानं रिकाम्या पाटासमोर भजनं म्हटली. कोणी म्हणे, "देवालेही फॉरेन दाखवाले नेलं बाई." कोणी म्हणे, "जिथं रोज मच्छी शिजते तिथं आमचा कान्होबा!" सुगंधाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "येऊ द्या तिले. रोज पूजा झाली का नाई ते पाहू. मंग ठरवू, इंदूचं घर बारीत ठेवाचं का काढाचं."

इंदुताईंच्या कानावर हे आलं होतं. त्या डगमगल्या नाहीत. "रोजचा फोटो हाय माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "या अन् पाहा."

पहिला फोटो आला: नागपूरच्या विमानतळावर खुर्चीत, रुमालाच्या घडीवर बसलेला कान्होबा. दुसरा: एका खिडकीच्या कट्ट्यावर कान्होबा, गंध, फूल, निरांजन. तिसरा तोच. चौथा तोच. पाचवाही.

"ताई, अटकला का व तुमचा टीव्ही?" गुलाब म्हणाली. मंडळातली सगळ्यात तरणी आणि तोंडाची फटकळ. "तोच फोटो येऊन राह्यला."

"तोच नाई. खाली तारीख पाह्य."

"मले बर्फ पाह्याचा होता. जहाज, समुद्र, गोरे मानसं. कान्होबा तं मी लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली."

"मंग त्याच्या मागं पाह्य ना!"

साऱ्यांनी मागे पाहिलं. कान्होबाच्या मागे काचेची मोठी खिडकी होती आणि खिडकीत तो अख्खा देश उभा होता. आधी हिरवी टेकडी आणि लाल रंगाची लाकडी घरं. मग एकेक झाड हळदीसारखं पिवळं होत गेलं. एका फोटोत खालच्या रस्त्यानं सायकलवर जाणारी म्हातारी होती, एकात दूर पाण्याचा पट्टा आणि त्यावर पांढरं जहाज.

"हे घे तुहं जहाज," इंदुताई म्हणाल्या.

आता बाया सरसावून बसल्या. सुगंधाबाई मात्र खिडकीकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर देवाच्या पायाशी होती.

"तुळस कुठी भेटली?"

"मंजुळा बांधून नेल्या होत्या पदरात. डब्यात पेरल्या. तिथी भिंतीले गरम पाण्याची पेटी असते, तिच्यावर डबा ठेवला. पंधरा दिवसात उगवली."

"अन् हे फूल?"

"त्याचं नाव नाई मालूम. वास नाई त्याले. पन देवाले रंग चालते म्हटलं."

सुगंधाबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

डिसेंबरचे फोटो इंदुताईंनी मुद्दाम आधी दाखवले. खिडकी काळीकुट्ट, आणि निरांजन काचेत दुसऱ्यांदा दिसत होतं.

"रात्री पूजा करत होत्या का?" रंजीतानं विचारलं. दुपारपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"सकाळचे आठ हायत ते. तिथी थंडीत दहा वाजल्याबिगर उजेडत नाई. अन् दोन-अडीचले पुन्हा अंधार."

"व माय! मंग मानसं उठते कायले?" गुलाबच्या या प्रश्नावर सगळ्या हसल्या. गोपालभाऊही दारात ट्रे घेऊन हसले.

मग इंदुताईंनी बोट मागे सरकवलं, ऑक्टोबरवर आणलं आणि थांबल्या.

लेकीनं निघताना सांगितलं होतं, आई, ते दहा फोटो डिलीट कर, कोणी विचारणार नाही. इंदुताईंनी केले नव्हते. देवाचा फोटो पुसायचा नसतो, असं त्यांनी मयुरीला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. मंडळासमोर अर्धं दाखवून अर्धं लपवायचं, तर तोंड दाखवायला यायचंच कशाला?

त्यांनी फोटो लावला. कान्होबा तोच, कट्टा तोच. पण फूल वाहणारा हात वेगळा. गोरा, सुरकुतलेला, मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ.

सुगंधाबाई टीव्हीजवळ सरकल्या.

"हा हात कोनाचा?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"सिग्रीडबाईचा. खालच्या मजल्यावर राह्यते. मयुरीले पोरगी झाली, मी तं त्याच घरात. सोयर आलं. दहा दिवस मले देवाले हात लावता येत नव्हता, मयुरीले नाई, लोकेशले नाई. दुसरं आपलं मानूस गावात कोनी नाई. मंग तिले बोलावलं."

"ते बाई काय जानते पूजा?"

"काहीच नाई जानत. मी सयपाकघराच्या दारात बसून खुनेनं सांगत होती. पानी टाक. पूस. गंध लाव. मयुरीनं तिले सांगितलं, हा आमच्या अकरा घरांचं लेकरू हाय. ते बाई रोज आठले आठ वाजता यायची, एक मिनिट इकडंतिकडं नाई. चपला बाहीर काढून."

पुढचा फोटो आला. कान्होबाच्या डोक्यावर लोकरीची निळी टोपी.

"हे काय?" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या.

"थंडी पडली तं विणून आनली तिनं."

गुलाबनं तोंडाला पदर लावला. पण त्यापुढच्या फोटोत कान्होबासमोर ताटलीत केकचा तुकडा होता आणि आता कोणी हसलं नाही.

"त्यात अंडं होतं का व इंदू?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"होतं. मले मागून कळलं. दुसऱ्या दिवशी तिले सांगितलं, तं रडकुंडीले आली. त्याच्यानंतर रोज सफरचंद कापून आनायची, बिया काढून."

"खोटं बोलली असती तं चाललं असतं," गुलाब पुटपुटली.

"कान्होबासमोर बसून खोटं बोलू का मी?" इंदुताई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण साऱ्यांना ऐकू गेलं. "दोनशे चाळीस दिवस झाले. एकही दिवस तो बिन-आंघोळीचा, बिन-फुलाचा राह्यला नाई. दहा दिवस माह्या हातानं नाई झाली, दुसऱ्या हातानं झाली. त्याच्यात माही चूक दिसत असंल तं सांगा."

सुगंधाबाई काही बोलायच्या आत रंजीता बोलली.

"त्याच्यात नाई, ताई. आधीची हाय."

"कोनती?"

"आमच्या मामांजींची तेरवी झाली, तेराव्या दिवशी घर धुतलं, सारवलं. शेणाचा वास येऊन राह्यला होता घरात. मले वाटलं, आता कान्होबा येईल तं घर पुन्हा घर वाटंल. मामांजी त्याच्यासाठी रोज फुलं तोडून आनत होते, बारी कोनाचीही असो. मी पाट मांडून बसली होती. मंग आठवलं, तो तं तिकडं नॉर्वेत." तिनं नाकावरचा घाम पुसला. "तुम्ही समोरच राह्यता. एक आवाज दिला असता. मी नाई म्हटलं असतं का?"

याला फोटो नव्हता. इंदुताईंनी मोबाइल खाली ठेवला.

"नाई म्हटलं असतं तुनं," त्या म्हणाल्या. "म्हनूनच नाई विचारलं. ते चुकलं माहं."

सुगंधाबाई गुडघ्यावर हात टेकून सरळ बसल्या.

"अंड्याचं कान्होबा पाहून घेईल," त्या म्हणाल्या. "त्यानं लोकाघरचं लोनी खाल्लं, कोनाच्या भांड्यातलं ते विचारलं नाई. पूजा मोडली नाई, हे मी डोळ्यानं पाह्यलं. पन अकरा घरचा देव एकटीनं उचलला, ते बरं नाई केलं. इंदूचं घर बारीत राहील. सगळ्यात शेवटी. अन् कान्होबा आता रंजीताकडं जाईल, तिच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध होईस्तोर राहील. क्रम मोडत नाई, एका एकादशीहून जास्त राह्यला त्याचं मी पाहीन."

कोणी एकादशीची वाट पाहिली नाही. रंजीतानं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि कोपऱ्यातल्या पाटावरून कान्होबाला ओंजळीत उचललं. इंदुताई तिच्यामागे दारापर्यंत, मग अंगणापर्यंत, मग उन्हात अर्ध्या रस्त्यापर्यंत गेल्या.

"सकाळी लवकर उठवत जाऊ नको त्याले. आठची सवय लागली हाय. अन् दही घट्ट लागते, पातळ नाई खात."

रंजीता थांबली. "ताई," ती म्हणाली, "आठ महिने तुमच्या इथी काय खाल्लं ते मी पाह्यलं टीव्हीवर. आता माह्या घरचं खाईल. जा, पाय पोळून राह्यले तुमचे."

खरंच, इंदुताई अनवाणी होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरच्या घरात पाट सरकवल्याचा आवाज आला, मग तांब्याचा, मग रंजीताच्या सासूबाईंचा, "आला का माय माहा राजा," असा. तेव्हा त्या वळल्या आणि तापल्या मातीतून टाचा उचलत, भराभर आपल्या घरात आल्या.

आत बायांचा चहा झाला होता. टीव्हीवर केकची ताटली तशीच होती.

"सरका," इंदुताई म्हणाल्या आणि मोबाइल हातात घेतला. "जानेवारी बाकी हाय. बर्फ आता सुरू होईल."